सतरावा पलटा

वही मिठागराची आहे.
लाल रेघांचे दोन रकाने, आवक नि जावक.
भिवाबुवा मोचेमाडकरांनी तिच्यात
आरोह आवकीत लिहिला, अवरोह जावकीत,
आणि शिल्लक कुठेच काढली नाही.

बंदिशीही बांधल्या त्यांनी, पन्नासेक असतील.
त्या गेल्या, ऐकणारे गेले तशा.
उरले हे चाळीस पलटे,
शिरोड्याच्या पोरांचे गळे वळावेत म्हणून लिहिलेले.
समासात शेरे: ‘इथे गळा नको, बेंबी.’
‘घाई असेल त्याने एसटी पकडावी.’
‘खर्जासाठी ओहोटीला ये.’
हा शेवटचा मला अजून कळलेला नाही.

सतराव्यात भोक आहे.
साग रेम गप मध,
आणि पुढच्या पनिमधला पंचम
कसरीने खाल्लेला.
सुभद्राक्का तिथे थांबायच्या, श्वास घ्यायच्या,
मग पायरी गाळून चढावं तशा निषादावर.
मीही तसंच. बेचाळीस वर्षं तसंच शिकवलं.
त्या थांबण्याला आम्ही बुवांची खुबी म्हणायचो.
कुडाळला एकदा तिच्यावर मी तासभर बोलले,
शाल मिळाली.

परवा बेळगावहून बुवांच्या नातसुनेने
दुसऱ्या प्रतीचा फोटो पाठवला व्हॉट्सॲपवर.
पंचम जागच्या जागी.
खाली तेच तिरकं अक्षर:
‘सा ते सां आणि परत, एका दमात.
मध्ये थांबेल तो माझा नव्हे.’

म्हणजे कसरीने सूर खाल्ला
आणि तिथे तीन पिढ्या आम्ही दम खाल्ला.

रात्री दार लावून बसले.
साग रेम गप मध पनि धसां.
पोचले वर. उतरताना गंधारापाशी
छातीत कुणी फडताळ लावून घेतल्यासारखं झालं.
पंप ओढला.
शाल घडीची घडीच आहे अजून, ट्रंकेत.

सकाळी खाडीत हनीफ तिसऱ्या काढत होता.
अकरा वर्षांचा. बाराव्या पलट्यावर अडलाय,
‘बाई, भूक लागली’ हे मात्र सुरात म्हणतो.
त्याने बुडी मारली.
मी काठावर चपला हातात घेऊन
मनातल्या मनात सतरावा धरला.
वर गेले, खाली आले, षड्जाला टेकले.
पाणी तसंच.
पुन्हा निघाले. साग रेम
गप मध
आणि अगदी त्या जागी
त्याने डोकं वर काढलं,
श्वास घेतला.