चौदा नंबरचा वाफा

आज पारा सहावर. निफाडची थंडी पेपरात छापून येते,
द्राक्षवाले पहाटे बागेत शेकोट्या करतात,
आणि मी उकिडवी बसून
गव्हाचं पान उलटं करून बघते.

पानामागे पुटकुळी. बोट फिरवलं
की बोटाला विटकरी पूड.
तांबेरा.

हा नीलगिरीकडून येतो, वाऱ्यावर.
पुढे कुठवर जातो ते आम्ही दोघी मोजायचो,
मी इथे, मेहरी तिकडे, कराजला.
अकरा वर्षं तेच वीस वाण, त्याच क्रमाने,
माझ्या काळ्या रानात आणि तिच्या पांढरट मातीत.
चौदा नंबर तिचा. तिच्या आजोळचा जुना गहू,
लांब कुसळांचा, कुठल्याच यादीत नसलेला.
ती लिहायची, तुझा चौदा आजारी पडला का?
भाचीची चौकशी करावी तसं.

मग बँकेने पैसे परत पाठवले.
तेवीस हजार, बियाणं तपासणीची फी.
कारणाच्या रकान्यात एकच शब्द: देश.
मग पाकीट कस्टममध्ये अडकलं, उंदरांनी खाल्लं असावं.
मग दिल्लीहून दोन पानी परिपत्रक,
त्यात ‘संवेदनशील’ सात वेळा.
मोजणं हेच माझं काम.

यंदा दुसऱ्याच देशाचं शिष्टमंडळ आलं.
साहेबांनी त्यांना नांदूरमधमेश्वरची बदकं दाखवली,
द्राक्षांच्या पेट्या दिल्या, करार झाला, फोटो झाला.
त्यांच्याकडे गहू पिकतच नाही.

आणि मासिकाचं पत्र, फार सभ्य:
लेख उत्तम आहे. दुसऱ्या लेखिकेचा पत्ता
आमच्या वकिलांना अडचणीचा वाटतो.
आभारात घेता येईल का?

तीन दिवस मी उत्तर दिलं नाही.
चौथ्या दिवशी ‘हो’ लिहिलं.
बढतीची फाईल वर गेली होती, खोटं कशाला सांगू.
आकडे तिचे, आकृती तिची,
आणि ती शेवटच्या पानावर, बारीक टायपात,
आमच्या जीपच्या ड्रायव्हरनंतर.

मेहरीने कळवलं, समजू शकते.
खाली एक ओळ सोडून:
चौदा पेरलास ना?
त्यानंतर काही नाही.
तिकडचं नेट बंद आहे म्हणतात,
किंवा आकाशात दुसरंच काही उडतंय.

बरणीत एकेचाळीस दाणे होते.
खंडेराव म्हणाला, बाई, राहू द्या पुढच्या सालाला,
आता नवे कोण धाडणार?
मी पेरले.
ठेवलेला दाणा गप्प मरतो.
पेरलेला निदान आजारी पडून काही सांगतो तरी.

काल चौदाच्या बाराव्या रोपावर पहिली पुटकुळी दिसली.
नोंदवहीत तारीख टाकली, तापमान टाकलं.
शेजारी ‘कराज’ लिहिलेला रकाना.
साहेब म्हणतात, त्यावर रेघ मारा, ऑडिट येतंय.

नाही मारली. रिकामा ठेवला.
वाऱ्याची दिशा लिहायची राहिली होती,
ती संध्याकाळी परत जाऊन लिहिली:
आग्नेयेकडून.