कडी

तळपदेबाईंची चित्रं मी बावीस वर्षं मढवतोय,
भायखळ्याला, भाजीबाजाराच्या पाठीमागे.
दुकान म्हणजे एक टेबल, एक करवत
आणि सरसाचा वास, जो सदऱ्यातून घरीही येतो.

चित्रातलं मला कळत नाही. मापं कळतात.

बाईंच्या प्रत्येक मोठ्या चित्रात कुठेतरी एक कडी असते.
दाराची, साधी, लोखंडी.
दार असेलच असं नाही.
कधी भरतीच्या पाण्यावर, कधी गाढवाच्या पोटावर,
एकदा तर नुसत्या निळ्यात, खिळ्याशिवाय.

प्रदर्शनाच्या पुस्तिकेत कुणी लिहिलं, बंदिस्त स्त्री.
पुढच्या वर्षी दुसऱ्याने लिहिलं, फाळणी.
बाई म्हणाल्या, "छे हो, चित्र डावीकडे कलत होतं,
तिथे थोडं वजन हवं होतं."
खोटं नव्हत्या बोलत.
त्यांना तेवढंच ठाऊक होतं.

पण टेप माझ्या हातात.
खालच्या कडेपासून कडीपर्यंत शेहेचाळीस इंच.
पाच फुटी चित्रात शेहेचाळीस,
सहा फुटीतही शेहेचाळीस.
तीन फुटी चित्रांत कडी नसतेच,
तिच्या उंचीला तिथे आकाश नाही.

एका शनिवारी माझी नात दुकानात आली, तीन वर्षांची.
भिंतीला टेकवलेल्या चित्रापुढे टाचा उचलून
तिने हात वर केला.
बोट कडीच्या खाली थांबलं,
चार अंगुळं.

मी बाईंना सांगितलं नाही.
सांगितलं असतं, तर पुढच्या वेळी
त्यांनी ती मुद्दाम काढली असती
किंवा मुद्दाम गाळली असती.
रेषेच्या उलट रंधा मारला की
चांगलं सागवानसुद्धा चिरफाळतं.

परवा त्या फ्रेम न्यायला आल्या.
मी पाठीमागे पेन्सिलीने नंबर घालतो, हिशेबाला.
चित्र उलटं धरून त्या बराच वेळ उभ्या राहिल्या.
म्हणाल्या, "घरची सगळी उलटी करून पाहिली, मेस्त्री.
सहानंतर आठ.
सोळानंतर अठरा.
इतक्या वर्षांत तुम्ही एकदाही सात लिहिला नाहीत."

मी म्हणालो, पेन्सिल बोथट असेल.

त्यांनी पुढे विचारलं नाही.
चित्र सुलटं केलं, कडीवरची धूळ
पदराने पुसली, मग तिथेच
परत एकदा पुसली.

बाहेर कांद्याची पोती उतरत होती.
हमाल मोठ्याने मोजत होता.
चार. पाच. सहा.

मी करवत लाकडावर घातली.