फक्कीवरची वाट

नकाशा सुरेख होता.
तिजारेबाईंनी वर्ध्यात बसून काढलेला,
चार पानं, निळ्या रेघा,
पार्किंगमध्ये गाड्या, वरून घारीनं पाहाव्यात तशा,
झाडं म्हणजे कुरळे गोल,
फॅमिली सेक्शनात माशांची टाकी. टाकीत मासेसुद्धा.
भटारखान्यात मात्र कोणी नव्हतं.
तीन चौकोन फक्त : भट्टी, भट्टी, तंदूर.

मी लाल पेन काढला.
जिना नव्वद सेंटिमीटर, वर एकशेवीस पानांचा हॉल.
लिहिलं, दीड मीटर करावा.
मागचं दार आत उघडतं. बाहेर उघडावं.
(घाबरलेला माणूस दार ओढत नाही, ढकलतो,
हे शेऱ्यात बसत नाही.)
धुरांड्यातली चरबी काढायला झाकण कुठे?

भोंगाडे म्हणाले,
"साहेब, लोकं जेवाले येतीन, जळाले थोडी."

आग विझवायची टाकी दहा हजार लिटर.
मला मे महिना आठवला.
विचारलं, कूलरमध्ये पाणी कुठून टाकाल?
भोंगाडे नुसते हसले.
लिहिलं, कूलरची टाकी वेगळी.

आमचा बंब अठरा किलोमीटरवर.
मधे रेल्वेचं फाटक.

प्लॉटच्या पलीकडे जिनिंग आहे,
तारेच्या कुंपणाला रुई लटकलेली असते दिवाळीपासून.
तिथली आग मी विझवली आहे. म्हणजे, विझवली असं समजून
घरी जाऊन जेवलो होतो.
कापसाची गाठ बाहेरून पांढरी, हाताला जराशी कोमट,
आणि पोटात तिसऱ्या दिवसापर्यंत निखारा.
तेव्हापासून शांत दिसणाऱ्या वस्तूवर
माझा लवकर विश्वास बसत नाही.
कागदावर तर नाहीच.

म्हणून प्लॉटवर गेलो.
काळ्या भेगाळ जमिनीवर फक्की मारलेली,
पांढऱ्या रेघांच्या भिंती, रेघांचीच दारं.
विचारलं, इथं रांधणार कोण?
सोनबा उईके पुढे आला,
अकरा वर्षं टिनाच्या ढाब्यात याच भोंगाड्यांची भाजी तर्रीवर आणणारा,
भुवया अर्ध्याच, बाकीच्या भट्टीनं नेलेल्या.

त्याच्याच दुपट्ट्यानं त्याचे डोळे बांधले.
म्हटलं, समज धूर झाला. लाइन गेली. नीघ बाहेर.
आणि घड्याळ दाबलं.

सोनबा निघालाच नाही.
डावीकडे वाकला,
गुडघ्याच्या उंचीवर हवेत हात फिरवला.
एक.
सरकून दुसरा.
तिसरा जरा घट्ट असावा, दोन्ही हात लागले.
"काय करून राह्यला बे?" भोंगाडे ओरडले.
"गॅस बंद करतो ना, मालक. पोट्टे हायेत आतमधी."

एकोणीस सेकंद तिथंच गेले,
भट्टीच्या मागच्या कोपऱ्यात,
तिजारेबाईंनी सिलिंडरं जिथं नीट ओळीत मांडली होती.
मग तो चालला.
फ्रीजर ओलांडून गेला, एक भिंत पायानं पुसली,
कोणी हसलं नाही.
थांबला, दुपट्टा सोडला, घाम पुसला.
"बाहेर आलो का साहेब?"

तो माशांच्या टाकीत उभा होता.

"जवळपास आलास," मी म्हणालो.
एवढ्या वेळात धूर कुठवर उतरतो
ते मी त्याला सांगितलं नाही. त्याला माहीत असावं.
भोंगाडे मोबाइलवर सळाखीचा भाव विचारत होते.

गाडीच्या बॉनेटवर कागद पसरून शेरा सातवा लिहिला :
सिलिंडर इमारतीबाहेर, जाळीत.
मुख्य कॉक दाराशी,
जाता जाता हात पोचेल असा.
उंची : सोनबाच्या कोपराएवढी.

मग ते खोडलं.
त्याला सरळ उभं केलं, टेप लावला,
आणि लिहिलं,
एक मीटर चार सेंटिमीटर.