सहाव्या आठवड्याचं पान

दारूखान्यात जहाजं मोडतात, तिथल्या पत्र्याचं
निजामुद्दीन मिस्त्रीनं यंत्र करून दिलं,
हातानं फिरवायचं, नाचणीची कणसं झोडणारं.
दात सायकलच्या आऱ्यांचे,
मूठ कुणाच्या तरी शिवणयंत्राची.
टेम्पोत चढवताना त्यानं एवढंच विचारलं,
"चलाएगा कौन?"
मी म्हटलं, "बायका."
उंची त्यानं विचारली नाही,
मीही सांगितली नाही.

आरेच्या पाड्यावर माझी वही आधीच पोचलेली.
सात कोकरं, कानात सात बिल्ले.
तिघांना नाचणीचा भुसा,
चौघांना नुसतं गवत.
दर शनिवारी चिंचेच्या फांदीला काटा,
झोळीत एकेक जनावर,
चार पाय चार दिशांना.
काटा थरथरायचा
आणि मी श्वास रोखून उभी,
जणू तोही मोजला जाईल.

बारकीबाई यंत्रापुढे आली
ती उजव्या कडेवर नात घेऊन.
मूठही उजवीकडेच.
तिनं मुठीकडे पाहिलं, बुधीकडे पाहिलं,
वळसा घालून पलीकडे गेली
आणि डाव्या हातानं फिरवली.
दाणे सगळे
शिरधनकर सरांच्या तोंडावर.

वहीत ताशी किलो होतं,
फुटलेले दाणे शेकडा किती, तेही होतं.
कडेवर कोण,
याला रकाना नव्हता.

मिस्त्री पाना घेऊन परत आला.
मूठ काढली, डावीकडे बसवली,
चार बोटं खाली.
पैसे देऊ लागले तर म्हणाला,
"अपनी गलती की मजदूरी नहीं लेते."
चूक माझीही होती.
चहा मात्र त्यानं दोनदा घेतला.

सात नंबरचं आईनं टाकलेलं.
बाटलीवर वाढलं, गवताच्या गटात.
पण पाड्यामागे बिबट्या फिरायचा,
म्हणून रात्री सातही कोकरं बारकीच्या चुलीपाशी,
आणि बुधी आपली भाकरी
सगळ्यांना सारखी मोडून द्यायची.
हे मला फार उशिरा कळलं.
तोवर आलेख काढून झाला होता.

सहाव्या शनिवारी
झोळीचा फास आवळता आवळता
वही खाली ठेवली, एवढंच.
सातनं पान ओढलं,
डोळे मिटून चावलं,
पाच आठवड्यांच्या बेरजेसकट.
बुधी हसली.
बारकीनं पदर तोंडाला लावला.

सर म्हणाले, तो आठवडा गाळा.
गाळला. आलेखात तिथं एक फट आहे,
पुढच्या लोकांना वाटेल, पाऊस असेल.

यंत्र अजून चालतं.
मूठ आता डावीकडून गुळगुळीत झालीय.

नव्या पानावर मी त्या दिवशी लिहिलं,
सात नंबर : नऊ किलो चारशे.
आणि खाली, पेन्सिलीनं, पुसता येईल असं :
यात एक कागद माझा,
भाकरी किती ते माहीत नाही.