अंगठा

हात लावू नकोस, बेस्निक.
धुतलेला असला तरी.

हा ॲल्युमिनियमचा तुकडा आत्ताच घासलाय,
वर पाणी ओतून पाहिलंय मी.
चादर अंथरावी तसं पसरलं.
थेंब उभे राहिले असते तर समजायचं,
पत्र्याच्या मनात अजून तेल आहे.

आणि हा कार्बनचा पंख,
तुझ्या धाकट्या बहिणीलाही उचलेल असा.
दोघांचा छत्तीसचा आकडा.
उन्हात पत्रा फुगतो, कार्बन ढिम्म.
नुसते टेकवून ठेवले अन् ओल लागली
की काळा पांढऱ्याला खातो,
भुकटी दिसेपर्यंत कळतही नाही कुणाला.

खिळे ठोकून नांदवता येत नाहीत हे.
भोक पाडलं की धागे तुटतात,
सगळा भार भोकाच्या काठावर येऊन बसतो.
म्हणून मध्ये डिंक.
एका नळीतून पिवळा, दुसरीतून निळा,
कालवला की हिरवा.
त्यात काचेचे बारीक मणी,
दाबताना सगळाच पिळून बाहेर जाऊ नये म्हणून.
घट्ट दाबलं म्हणजे घट्ट बसलं, असं नसतं.

हे मिलोय्का म्हणाली मार्चमध्ये.
आयदोवश्चिनात तेव्हा बुर्या सुटला होता,
लोकांनी कौलांवर दगड ठेवले होते.
मी मान डोलावली.
दुपारी बुरेक खाल्ला, हात पँटला पुसले.

गुरुवारी यंत्रानं माझी चाचणीची पट्टी ओढली.
नीट जुळलेलं तुटतं तेव्हा
डिंकच मधोमध फाटतो,
दोन्ही तुकड्यांवर राहतो, खरखरीत, हिरवा.
माझीही तशीच होती, जवळजवळ.
फक्त काठाला एक लख्ख, कोरा डाग,
वळणं मोजावीत इतका स्पष्ट.
फाट तिथूनच सुरू झाली होती.

नोवा गोरिकाच्या कचेरीत
परवान्यासाठी हाच अंगठा काचेवर ठेवला होता मी.
उमटत नव्हता.
पुन्हा, म्हणाली खिडकीतली बाई, जोरात.
तीनदा.

मिलोय्कानं पट्टी दिव्याखाली फिरवली.
वहीत आकडा लिहिला,
सहीचा रकाना मोकळा सोडला.
‘ती केलीच आहेस तू,’ एवढंच बोलली
आणि हातमोज्यांचा खोका माझ्याकडे सरकवला.

मोजे तिच्या मापाचे होते.
करंगळी शिरेना.
बाहेर कुणाचा तरी दगड कौलावरून घरंगळला.
आम्ही दुसरा पत्रा घासायला घेतला.