मोरीतला मासा

पहाटे चारला फिर्मिनू आला, बुटांसकट,
आणि मोरीत काहीतरी टाकून म्हणाला,
"हे विकलं जाणार नाही. तुला बघायला आणलंय."

मी फुंशालच्या मंडईत काळे एस्पादा सोलते,
हातभर लांब, सहाशे वाव खालचे.
वर येता येताच मरतात, डोळे उघडेच राहतात.
सव्वीस वर्षं माझी नखं त्यांच्या काळ्याने काळी.
हा तसला नव्हता.

मुठीएवढा, बेढब. सगळं अंग म्हणजे तोंडच,
मागे शेपटी लावायची म्हणून लावलेली.
दात आतल्या बाजूला झुकलेले:
जाणाऱ्याला वाट, येणाऱ्याला भिंत.
कपाळावर एक काडी, काडीच्या टोकाला
मोहरीहून थोडा मोठा, दुधी मणी.

"तो तिचा दिवा. मादीलाच असतो,"
म्हणाला, आणि एकटाच हसला.

दुपारी बंदरावर मोजमापाला येणारी ग्रासिएला म्हणाली,
उजेड तिचा नसतोच मुळी.
मण्यात जंतू राहतात, लाखांनी, भाडेकरूसारखे,
आणि भाडं म्हणून उजळत राहतात.
ती फक्त काडी हलवते, जराशी,
आणि थांबते.

तिथे ऊन पोचत नाही. पोचते ती धूळ,
वर मेलेल्यांची, संथ, वर्षभर.
अशा जागी एखाद्या झिंग्याला दिसतं: काहीतरी चमकलं.
त्याचंही चुकत नाही;
तिथे जे चमकतं ते बहुधा खाणंच असतं.
दिवा खोटं बोलत नाही.
कुणाचं खाणं, एवढंच सांगत नाही.

रात्री मोरीतला बल्ब मालवला, दार लावलं,
डोळे रुळेपर्यंत उभी राहिले.
काही नाही. भाडेकरू गेलेले.

मग बल्ब लावून चिरला.
पोट आतून काळं कुळकुळीत:
गिळलेल्या उजेडाने बाहेर चहाडी करू नये म्हणून.
आईच्या बटव्याला असंच अस्तर होतं,
आणि बाबांना त्यात कधी काही सापडलं नाही.

फिर्मिनू पुन्हा समुद्रावर. हल्ली त्याच्या दोरीला
गळागळाशी हिरवी प्लास्टिकची कांडी असते,
वाकवून मोडली की रात्रभर उजळते.
खोकी लिस्बनहून येतात, पलंगाखाली ठेवतो.
खिडकीतून बोट दिसते: डोलकाठीवर एकच दिवा,
जरासा हलतो.
थांबतो.

एकतीस वर्षांपूर्वी, सतराव्या वर्षी,
असाच एक दिवा बघत
मी धक्क्याच्या पायऱ्या उतरत गेले होते, चपला हातात.
पायऱ्या किती होत्या, मोजल्या नाहीत.

कॉफी निवली. दुसरी ठेवते.
तो येईलच चारला, बुटांसकट.