शून्य पूर्णांक सात

काइनूच्या जंगलात, दुपारी अडीचलाच अंधारणाऱ्या गावात
शाळेच्या जिममध्ये मी पडदा लावला.
समोर एकोणीस माणसं, बूट दाराशी,
लोकरी मोज्यांतले पाय फळ्यांवर.

"दोन हजार एकेचाळीस साली," मी म्हणालो,
"पहिलीत येतील सरासरी
शून्य पूर्णांक सात मुलं."

कुणी हललं नाही.
मग राउहा केम्पाइनेन, एकतीस वर्षं इथल्या मुदपाकात,
म्हणाली, "त्या शून्य पूर्णांक सातला
बटाटे किती वाढू?
तोंडाचा भाग आलाय ना, तेवढं बघ."

हसलो सगळेच. मी जरा उशिरा.

मी हे गाव दहा हजार वेळा जगवलंय,
एका रात्रीत, यंत्रात.
कधी लाकडाची गिरणी बंद पडते,
कधी बस आधी, गिरणी नंतर.
एका खेपेत अकरा मुलं आली.
चूक असणार म्हणून शोधत बसलो.
चूक नव्हती.
त्या खेपेत कुणी सोडून गेलंच नव्हतं.

नगराध्यक्ष वेइयो तोलोनेन, कानावर पेन्सिल:
"ते असू दे. छप्पर बदलायचं की नाही, बोल."

मी काही पोथी उघडून बसलेला जोशी नाही.
जर-तरचंच कापड विणतो,
जरतार त्यात एकही नाही.

तेव्हा राउहाच म्हणाली,
"शाळा राहील का, हे विचारूच नकोस त्याला.
त्या दहा हजारांत
छपराखाली कुणीतरी जेवत असेल का,
म्हातारं का असेना,
हे विचार."

हा प्रश्न मी विचारलाच नव्हता.
लॅपटॉप मांडीवर घेतला. कॉफी झाली, पुन्हा झाली.
आठ हजार नऊशे खेपांत
कुणी ना कुणी जेवत होतं.

सात विरुद्ध चार.
छप्पर होणार, मुदपाकाच्या बाजूचं आधी.
ओस्मो हुओवीनेन उठून म्हणाला,
"तेवढ्यात रुग्णवाहिका आली असती, हेही लिही."
लिहिलं.
त्याची बायको कुठल्या वळणावर गेली
ते माझ्या आकड्यांत नव्हतं.

निघताना राउहानं डबा हातात दिला.
गाडीत उघडला: बटाटे, बडीशेपेचा पाला,
अजून गरम.
मोजायचे राहिले.